डोंगर चढताना धाप लागायची, म्हणून या गड्याने कॅमेऱ्याचं वजनच उतरवलं

जून २०२२ ची गोष्ट. जर्मनीतल्या वेट्झलार शहरात एका जुन्या कॅमेऱ्याचा लिलाव झाला. कॅमेरा शंभरीच्या उंबरठ्यावर आलेला, हातात सहज मावेल एवढा आणि वापरून वापरून रंग उडालेला. लिलावघराचं कमिशन धरून त्याची किंमत गेली १ कोटी ४४ लाख युरोवर. आपल्या रुपयांत शंभर कोटींच्या वर. तोवर जगातल्या कुठल्याच कॅमेऱ्याला एवढा भाव आला नव्हता.

या कॅमेऱ्याचा नंबर १०५. त्याच्या व्ह्यूफाइंडरवर मालकाचं नाव कोरलेलं आहे, ऑस्कर बार्नाक.

हा कुणी मोठा फोटोग्राफर नव्हता. कारखान्यात नोकरी करणारा मेकॅनिक होता. त्याला दोन गोष्टी होत्या, डोंगरात भटकायचा नाद आणि दम्याचा आजार. या दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आल्यामुळे फोटोग्राफीचं काय झालं, त्याचा हा किस्सा.

ट्रेकला निघायच्या आदल्या रात्री बॅग भरताना जो प्रश्न पडतो तोच बार्नाकला पडला होता. कुठली लेन्स घ्यायची आणि कुठली घरी ठेवायची? जड घेतली तर खांदे दुखणार, हलकी घेतली तर फोटो चांगला येईल का? फरक एवढाच की बार्नाकच्या काळात हलकी लेन्स दुकानात मिळतच नव्हती. ती आधी कुणीतरी बनवायला हवी होती.

ऑस्करचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा. बर्लिनच्या दक्षिणेला लिनो नावाचं खेडं आहे, तिथला. पुढे घरचे बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डमध्ये राहायला आले. पोराला निसर्गचित्रं काढणारा चित्रकार व्हायचं होतं. पण चित्रं काढून पोट भरत नाही ही काळजी जर्मनीतल्या आईबापांनाही होतीच. त्यांनी त्याला खगोलशास्त्राची उपकरणं बनवणाऱ्या एका कारागिराकडे कामाला लावलं.

तिथं त्याचा हात बसला. शिकाऊ काम संपल्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो गावोगावच्या कार्यशाळांमध्ये काम करत फिरला आणि १९०२ मध्ये येना शहरातल्या कार्ल झाइस कंपनीत लागला. मायक्रोस्कोप आणि लेन्स बनवणारी ही त्या वेळची जगातली नावाजलेली कंपनी. पगार ठीक होता, काम आवडीचं होतं आणि शहराबाहेर पडलं की थुरिंगियाचं जंगल होतं. सुट्टी मिळाली की बार्नाक डोंगरात.

चित्रकार होता आलं नाही, ती हौस तो कॅमेऱ्यावर भागवायचा. पण १९०५ च्या सुमाराला डोंगरात कॅमेरा न्यायचा म्हणजे काय करावं लागायचं ते बघा.

त्याचा कॅमेरा १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा होता. लाकडी पेटीसारखं त्याचं धूड. एका होल्डरमध्ये दोन प्लेट बसायच्या आणि असे सहा होल्डर बरोबर न्यावे लागायचे. म्हणजे दिवसभरात फोटो किती? बारा. त्यासाठी काच उचलायची, होल्डर उचलायचे, कॅमेरा उचलायचा, वर तीन पायांचा स्टँड. हे सगळं चामड्याच्या मोठ्या पेटीत भरून चढण चढायची. धडधाकट माणसाचीही दमछाक व्हायची. बार्नाकची तर छाती भरून यायची, श्वास लागायचा, मध्येच बसावं लागायचं.

दुसरा कुणी असता तर एकतर फोटो सोडले असते किंवा डोंगर सोडला असता. बार्नाकला दोन्ही सोडायचं नव्हतं.

त्याने विचार केला तो असा. कॅमेरा मोठा का असतो? कारण प्लेट मोठी असते. प्लेट मोठी का? कारण जेवढी प्लेट तेवढाच फोटो. तेव्हा बहुतेक लोक निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छाप घ्यायचे, त्यामुळे भिंतीवर मोठा फोटो हवा असेल तर निगेटिव्हही तेवढीच मोठी लागायची. मग निगेटिव्ह लहान घेतली आणि फोटो नंतर मोठा केला तर? खांद्यावर लहान वस्तू न्यायची, मोठी करण्याचं काम घरी आल्यावर करायचं.

कल्पना सोपी होती. पहिला प्रयोग मात्र साफ फसला.

त्याने एक जुगाड केला. एकाच १३ बाय १८ च्या प्लेटवर ओळीने पंधरा-वीस छोटे फोटो काढायचे. एकेक फोटो जेमतेम तीन बाय चार सेंटिमीटरचा. काढले, धुतले, मोठे करून पाहिले. नुसते ठिपकेच ठिपके. त्या वेळच्या प्लेटवरच्या रसायनाचे कण इतके जाड होते की लहान चित्र मोठं केलं की झाडाची पानं कुठली आणि कण कुठले ते कळेना. बार्नाकने हा नाद तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

झाइसमध्ये त्याचा एक दोस्त होता, एमिल मेखाऊ. हा गडी सिनेमाच्या प्रोजेक्टरमागे लागलेला. पडद्यावर चित्र लुकलुकू नये म्हणून काय करता येईल, हाच विचार त्याच्या डोक्यात रात्रंदिवस असायचा. १९१० मध्ये मेखाऊ येना सोडून वेट्झलारला एर्न्स्ट लाइट्स यांच्या कंपनीत गेला. ही कंपनीही मायक्रोस्कोप बनवणारी. तिथल्या प्रयोगशाळेला एक डोकेबाज मेकॅनिक हवा होता आणि मेखाऊने बार्नाकचं नाव सुचवलं.

बार्नाक बिचकत होता. आपण सारखे आजारी असतो, नव्या मालकाला ते परवडेल का, ही त्याची शंका. पण लाइट्सनी त्याला घेतलं. जानेवारी १९११ मध्ये तो प्रयोग विभागाचा प्रमुख म्हणून रुजू झाला आणि मरेपर्यंत तिथंच राहिला.

इथं त्याच्या हाती लागली सिनेमाची फिल्म.

सिनेमाच्या फिल्मचे कण प्लेटच्या मानाने बारीक होते, कारण तिच्यावरचं चित्र मुळातच पडद्याएवढं मोठं करण्यासाठी असायचं. वजनाला काचेपुढे ती काहीच नाही. गुंडाळून ठेवता येते, फुटत नाही. बार्नाकने स्वतःसाठी एक सिनेमाचा कॅमेराही बनवला होता. पुढे जे घडलं ते दोन प्रकारे सांगितलं जातं. काही म्हणतात, सिनेमा शूट करण्याआधी उजेडाचा अंदाज यावा म्हणून फिल्मच्या तुकड्यावर एक-दोन फोटो काढायला त्याने छोटं यंत्र केलं आणि त्यातून कॅमेरा निघाला. काही म्हणतात, त्याच्या डोक्यात पहिल्यापासून डोंगरात न्यायचा कॅमेराच होता. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असायला काही हरकत नाही.

सिनेमाचं एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचं. बार्नाकला ते फार लहान वाटलं. त्याने फिल्म आडवी फिरवली आणि दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली. झाला २४ बाय ३६ मिलिमीटरचा फोटो. आज महागड्या डिजिटल कॅमेऱ्यावर फुल फ्रेम असं लिहिलेलं असतं ना, त्याच्या सेन्सरचं माप हेच. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या प्लेटशी तुलना केली तर क्षेत्रफळात हे चित्र २७ पट लहान.

आता खरी अडचण इथून सुरू होते.

निगेटिव्ह २७ पट लहान केली म्हणजे वजन कमी झालं, पण सगळा भार येऊन पडला लेन्सवर. जुन्या प्लेटएवढा छाप हवा असेल तर हे छोटं चित्र लांबी-रुंदीत पाच पट वाढवावं लागणार. म्हणजे लेन्सने केलेली बारीकशी चूकही पाच पट मोठी दिसणार. मोठ्या प्लेटवर जरा ढिली लेन्स चालून जायची. इथं मात्र चुकीला जागाच नव्हती.

आणि अशी लेन्स तयार नव्हती. बार्नाकने आधी सिनेमाच्या कॅमेऱ्याची लेन्स लावून पाहिली. ५० मिलिमीटरची, झाइसची, चांगल्या कुळातली. मध्यभागी चित्र छान आलं, कोपरे मात्र बिघडले. कारण साधं आहे. लेन्स गोल चित्र पाडते आणि त्या गोलात आपला चौकोन बसवावा लागतो. सिनेमाच्या चौकोनाचा कर्ण ३० मिलिमीटर, ती लेन्स तेवढ्यापुरती बनवलेली. बार्नाकच्या चौकोनाचा कर्ण ४३ मिलिमीटरच्या वर. मुलाच्या अंथरुणात बाप झोपवल्यासारखं झालं, पाय बाहेरच.

मग त्याने घरचाच माल चाचपला. लाइट्स कंपनी मायक्रोस्कोपवाली, तिच्याकडे बारीक वस्तूंचे फोटो काढायच्या लेन्स होत्या. त्यातली मिक्रो-झुमार नावाची ४२ मिलिमीटरची लेन्स त्याने पहिल्या नमुन्याला बसवली. एफ ४.५ ची. बारीकसारीक टिपण्यात पटाईत आणि आकाराने एवढीशी. डोंगराच्या फोटोसाठी मायक्रोस्कोपच्या दुनियेतली लेन्स! ही निवड वरकरणी विचित्र वाटते, पण तिच्यात बार्नाकचं अख्खं गणित होतं. नावापेक्षा आणि कामापेक्षा त्याने लेन्सचं वजन आणि कोपऱ्यांची स्पष्टता पाहिली.

१९१३-१४ च्या सुमाराला तयार झालेला हा धातूचा नमुना आज उर-लायका म्हणून ओळखला जातो. खिशात मावणारा. त्याच्यात खोड होती. पुढच्या फोटोसाठी फिल्म सरकवताना शटरच्या पडद्यातली फट उघडी राहायची, म्हणून लेन्ससमोर झाकण फिरवून ठेवावं लागायचं. झाकण विसरलं की फिल्म खराब, आणि फोटोच्या वेळी उघडायचं विसरलं तर नुसता काळोख.

पण हा कॅमेरा घेऊन बार्नाक हवा तिथं जाऊ शकत होता. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा वेट्झलारच्या चौकातली माणसं त्याने याच कॅमेऱ्याने टिपली. १९२० मध्ये लान नदीला पूर आला, गावात पाणी शिरलं, तेही टिपलं. स्टँड लावून, डोक्यावर काळं कापड घेऊन हे फोटो निघालेच नसते. पोराबाळांचे, जंगलातल्या सहलींचे फोटो तर किती काढले. मालकाचा मुलगा, धाकटा एर्न्स्ट लाइट्स, १९१४ मध्ये अमेरिकेला गेला तेव्हा असाच एक नमुना बरोबर घेऊन गेला होता.

युद्धामुळे सगळं दहा वर्षं लांबलं. कारखान्यात युद्धाची कामं आली, नंतर जर्मनीत महागाईचा तो प्रसिद्ध कहर झाला, पाव घ्यायला नोटांची थप्पी लागायची तो काळ. या काळात बार्नाक काम आणि आजारपण यांच्यामधून आपला कॅमेरा सुधारत राहिला.

कॅमेरा बाजारात आणायचा तर मायक्रोस्कोपची उसनी लेन्स पुरणार नव्हती. हे काम गेलं माक्स बेरेककडे. बेरेक हा कंपनीतला प्रकाशशास्त्राचा पंडित, आकडेमोडीचा राजा. तेव्हा कॉम्प्युटर नाही. काचेच्या प्रत्येक वळणातून जाणारा प्रकाशाचा एकेक किरण कागदावर हाताने मोजायचा, एक वळण किंचित बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बेरेकपुढची मागणी स्पष्ट होती. चित्र कोपऱ्यापर्यंत धारदार पाहिजे आणि लेन्स लहान पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरी आहेत, कारण चित्र सुधारायचं तर काचा वाढवाव्या लागतात आणि काचा वाढल्या की वजन वाढतं. बेरेकने मधला मार्ग काढला. त्याने उजेडाचा हट्ट सोडला. लेन्स ५० मिलिमीटरची आणि एफ ३.५ ची ठेवली.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण आजही लेन्स घेताना पैसे आणि वजन दोन्ही याच आकड्यावर ठरतात. एफच्या पुढचा आकडा जितका लहान तितका लेन्सचा डोळा मोठा. ५० ला ३.५ ने भागलं की येतात १४ मिलिमीटर. म्हणजे उजेड आत शिरायचं भोक एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. तीच लेन्स एफ १.५ ची करायची तर भोक ३३ मिलिमीटरवर जातं. काचेचा व्यास दुपटीहून वाढला की जाडीही वाढते आणि वजन नुसतं दुप्पट होऊन थांबत नाही, कितीतरी पट होतं. वर एवढा मोठा डोळा कोपऱ्यात चुका जास्त करतो, त्या सुधारायला आणखी काचा. मोठ्या डोळ्याची लेन्स अंधाऱ्या खोलीत कामाची. भर उन्हात डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला तिचं काय करायचं?

बेरेकच्या पहिल्या लेन्समध्ये पाच काचा होत्या. तिचं नाव ठेवलं एल्मॅक्स, त्यात लाइट्स आणि माक्स दोघांच्या नावाचे तुकडे. पण तिच्या मागच्या भागात तीन काचा एकमेकींना चिकटवाव्या लागत, ते काम किचकट आणि महाग. नव्या प्रकारची काच वापरून त्याने लवकरच चार काचांत तेच साधलं. ही झाली एल्मार.

एल्मारची गंमत अशी की ती कॅमेऱ्यात ढकलून बंद करता यायची. नळी आत सरकवली की कॅमेरा सपाट, कोटाच्या खिशात गुडूप. फोटो काढायचा तर नळी बाहेर ओढायची आणि जरा फिरवून घट्ट करायची. ओढायला विसरलेल्यांचे सगळे फोटो धूसर यायचे आणि असे विसराळू जगभर होते. तेवढा त्रास लोकांनी सहन केला, कारण लेन्ससकट अख्खा कॅमेरा अर्ध्या किलोच्या आत होता.

१९२३-२४ मध्ये चाचणीसाठी पंचवीसेक कॅमेरे बनवले गेले. त्यातलाच एक नंबर १०५, बार्नाकने स्वतः वापरलेला. बाकीचे जाणकारांना वापरायला दिले. त्यांचं मत संमिश्र आलं. काहींना आवडला. पण बऱ्याच जणांना ते खेळणं वाटलं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या निगेटिव्हवर धंदेवाईक फोटोग्राफर कसा विश्वास ठेवणार? शिवाय हा कॅमेरा घेतला की चित्र मोठं करायचं एन्लार्जरही घ्यायला हवं. अनुभवी लोकांचा कौल विरोधात झुकत होता.

कंपनीची कसोटीची वेळ होती. वडिलांच्या मृत्यूनंतर कारभार धाकट्या एर्न्स्ट लाइट्सकडे आलेला. मायक्रोस्कोपचा धंदा मंदावलेला. नवी वस्तू चालली तर कामगारांच्या हाताला काम, फसली तर उरलासुरला पैसाही बुडीत. जून १९२४ मध्ये बैठक बसली. तासन्‌तास चर्चा झाली, बाजूने कमी आणि विरोधात जास्त. शेवटी लाइट्सने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हा धोका पत्करायचा असं ठरवून बैठक संपवली.

१९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. नाव आधी लेका ठेवायचं चाललं होतं, पण तसल्याच नावाचा एक फ्रेंच कॅमेरा बाजारात होता, म्हणून मध्ये एक अक्षर घुसवलं आणि झालं लायका. लाइट्सचा कॅमेरा, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या लायकाला अंतर मोजायची सोय नव्हती. समोरचा माणूस किती मीटरवर आहे हे अंदाजाने ठरवून लेन्स फिरवायची किंवा वेगळं छोटं यंत्र लावायचं. पण लेन्सचा डोळा लहान असल्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी निभावून जायचं, आणि डोंगररांगेचा फोटो असेल तर अंदाजाचा प्रश्नच नाही. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत वेगात चालायचं, त्यामुळे हातात धरूनही चित्र हलत नसे. स्टँड घरी राहिला. ज्या सामानापायी बार्नाक धापा टाकायचा त्यातली एकेक वस्तू अशी गळत गेली. आधी काच, मग होल्डर, मग लाकडी पेटी, मग स्टँड.

गंमत म्हणजे वजनाचा प्रश्न सुटल्याबरोबर लोकांनी तो परत अंगावर ओढून घेतला!

झालं असं की १९३० मध्ये लायकाची लेन्स काढून दुसरी लावायची सोय झाली. सुरुवातीला प्रत्येक लेन्स त्या त्या कॅमेऱ्याशी जुळवून द्यावी लागायची. १९३१ पासून माप पक्कं ठरलं आणि कुठलीही लेन्स कुठल्याही लायकावर बसू लागली. ५० ची होतीच. आता ३५ मिलिमीटरची आली, मोठा देखावा एका फोटोत घेणारी आणि चपट्या बिस्किटासारखी. लांबचं जवळ आणणारी १३५ ची आली, ९० ची आली. १९३१ मध्ये ७३ मिलिमीटरची एफ १.९ ची लेन्स आली, अंधारातल्या नाटकांच्या आणि माणसांच्या फोटोंसाठी. जाडजूड, काचेने भरलेली. सगळ्या घ्याव्याशा वाटतात, आणि सगळ्या घेतल्या की बॅग पुन्हा १९०५ सारखी.

म्हणून १९३२ मध्ये कंपनीने खास डोंगरात फिरणाऱ्यांसाठी एक लेन्स काढली. १०५ मिलिमीटरची, एफ ६.३ ची. संग्राहक तिला बेर्ग-एल्मार म्हणतात, बेर्ग म्हणजे जर्मनमध्ये डोंगर.

एफ ६.३ ऐकून आज कुणीही नाक मुरडेल. एवढ्याशा भोकातून उजेड किती येणार? पण हिशोब करा. १०५ भागिले ६.३ म्हणजे साधारण १७ मिलिमीटर. लांबचं शिखर जवळ आणणारी लेन्स, आणि तिचा डोळा जवळजवळ ५० च्या एल्मारएवढाच. त्यामुळे ती सडपातळ राहिली आणि वजन पाव किलोच्या आसपास. बर्फावर, कातळावर, दुपारच्या उन्हात उजेडाची कमतरता नसतेच. उलट तिथं मोठ्या डोळ्याची लेन्स असली तरी माणूस डोळा बारीक करूनच फोटो काढतो, जवळचं झाड आणि लांबचं शिखर दोन्ही स्पष्ट यावं म्हणून. मग जी काच वापरायचीच नाही ती पाठीवर का न्यायची? संध्याकाळनंतर मात्र ही लेन्स बिनकामाची, आणि घेणाऱ्याला हे माहीत असायचं. ३५, ५० आणि ही १०५, अशा तीन छोट्या एल्मार एका लहान पिशवीत टाकल्या की दिवसभराच्या भटकंतीत काही अडायचं नाही.

या लेन्सला फार गिऱ्हाईक मिळालं नाही. काही हजारच बनल्या आणि तीस-चाळीसच्या दशकांच्या गडबडीत ती मागे पडली. बाजार उलट्या दिशेला चालला होता. १९३२ मध्येच बार्नाकच्या जुन्या मालकांनी, झाइसवाल्यांनी, लायकाला टक्कर द्यायला कोन्टॅक्स नावाचा कॅमेरा आणला. त्याच्याबरोबर एफ २ आणि एफ १.५ च्या झॉनार लेन्स आल्या. मोठा डोळा ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. लाइट्सलाही मग १९३३ मध्ये एफ २ ची झुमार काढावी लागली. ही चढाओढ आजतागायत थांबलेली नाही, फक्त कंपन्या बदलल्या. गरज असो नसो, लोक लहान आकड्याची लेन्स मागतात.

त्याच १९३२ मध्ये लायकालाही अंतर मोजायचं यंत्र आतच जोडून मिळालं. त्या यंत्रात दोन प्रतिमा दिसायच्या, लेन्स फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस बरोबर. हेही बार्नाकच्या विभागातलं काम. दम्याने आता त्याला पुरतं धरलं होतं. बरं वाटलं की कारखान्यात, नाहीतर घरी अंथरुणावर. ज्या डोंगरांसाठी हा सगळा खटाटोप केला तिथं जाणं हळूहळू कमी होत गेलं.

१६ जानेवारी १९३६ रोजी तो गेला. निमित्त न्यूमोनियाचं. वय ५६.

त्याच्या कॅमेऱ्यांचं जग तोवर फार पुढे गेलं होतं. फ्रान्समध्ये आँरी कार्तिए-ब्रेसाँ नावाच्या तरुणाने तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला लायका घेतला आणि आयुष्यभर बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर केलं. हाच माणूस ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींना भेटला. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या गर्दीत, अंत्ययात्रेत, झाडांवर चढलेल्या माणसांत हातात मावणारा कॅमेरा घेऊन तो फिरत राहिला. १३ बाय १८ च्या पेटीने त्या गर्दीत पाऊलही टाकता आलं नसतं.

एफ ३.५ ची एल्मार झुमारनंतरही टिकली. मधे दुसरं महायुद्ध होऊन गेलं, जर्मनीचे दोन तुकडे झाले, एफ २ आणि त्याहून मोठ्या डोळ्याच्या कितीतरी लेन्स आल्या. तरी पन्नासच्या दशकातही लाइट्सचा कारखाना ती आत ढकलायची छोटी लेन्स बनवत होता. जुन्या बाजारात ती आजही मिळते आणि हौशी लोक अडॅप्टर लावून ती नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर वापरतात. फक्त तिथं नळी आत ढकलताना जपावं लागतं, आतल्या भागांना घासण्याची भीती असते.

बार्नाकच्या नावाने १९७९ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, लायका कंपनीने फोटोग्राफीचा पुरस्कार सुरू केला आणि तो अजून दिला जातो. वेट्झलारला जाणारे पर्यटक जुन्या गावातल्या त्या चौकात उभे राहून १९१४ चा फोटो त्याने कुठून काढला असेल ते शोधतात. नंबर १०५ त्याने १९३० पर्यंत वापरला. तोवर नवे, सुधारलेले कॅमेरे त्याच्याच टेबलावर तयार होत होते, तरी हाच बरोबर असायचा.